बाळाच्या ऑपरेशननंतरचे हॉस्पिटलमधले दिवस: आईबाबांनी काय बघायचं, काय विचारायचं

ऑपरेशन किती वेळ चालेल, हे सगळेच आईबाप विचारतात. नंतरचे दिवस कसे जातील, हे विचारायचं राहून जातं. आणि तुमचं खरं काम तर तेव्हाच सुरू होतं.

बाळाच्या खाटेपाशी उभी राहणारी माणसं सतत बदलत असतात. सिस्टरची पाळी बदलते, रात्रीचे डॉक्टर वेगळे, सुट्टीच्या दिवशीचे आणखी वेगळे. सगळे दिवस सलग तिथे असता ते तुम्हीच. परवा रात्री दूध किती पचलं, आवाज कधीपासून बसलाय, डावा पाय कधीपासून कमी हलवतोय, याचा अखंड हिशोब तुमच्याइतका कोणाकडेच नसतो. म्हणून एक वही आजच घ्या. खाली जे येतं त्यातलं अर्धं त्या वहीत उतरणार आहे.

हा लेख वर्षाच्या आतल्या बाळांसाठी आहे. ऑपरेशन हर्नियाचं असो, आतड्याचं असो की हृदयाचं, बराचसा भाग सगळ्यांना लागू पडतो. इथला आकडा आणि तुमच्या डॉक्टरांचा आकडा वेगळा निघाला, तर डॉक्टरांचा धरायचा.

१. निघण्यापूर्वी: कागद आणि सामान

कागदांची एकच फाइल करा. तिच्यात हे हवंच:

- जन्माच्या वेळचे कागद: किती आठवड्यांना जन्म झाला, वजन किती होतं, जन्मल्यावर श्वासाचा त्रास झाला होता का
- लसीकरणाचं कार्ड
- आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट, सोनोग्राफी, इको. सीडी असेल तर तीही
- चालू औषधांची यादी: नाव, बाटलीवरची तीव्रता, किती मिली, किती वाजता
- कुठल्या औषधाची, चिकटपट्टीची किंवा लॅटेक्सची अ‍ॅलर्जी
- घरात कोणाला भुलेचा त्रास झाला असेल तर त्याची नोंद. ‘आजोबांना झाला होता, पण ती जुनी गोष्ट’ म्हणून सोडू नका. भुलेचे काही त्रास आनुवंशिक असतात.

सामानात पुढून उघडणारे कपडे घ्या. डोक्यातून घालायचा कपडा सलाईन लावलेल्या हातावरून चढत नाही आणि वायरीत अडकतो. बाळ बाटलीने पीत असेल तर त्याच्या सवयीची निपल दोन-तीन तरी न्या. हॉस्पिटलची निपल चालली नाही म्हणून पहिला फीड फसतो, आणि पीत का नाही याचा शोध भलतीकडेच सुरू होतो. दूध काढायचा पंप, नाव लिहायची लेबलं, न पुसणारं पेन, मोजे आणि लांब वायरीचा चार्जर. खेळणी एक-दोन पुरेत, तीही धुता येतील अशी.

बाळ ३७ आठवड्यांच्या आधी जन्मलेलं असेल तर एक बेरीज करून ठेवा: जन्म झाला तेव्हाचे आठवडे अधिक जन्मानंतरचे आठवडे. ३० आठवड्यांना जन्मलेलं बाळ आज २० आठवड्यांचं असेल तर आकडा ५०. ही बेरीज ६०च्या आत असेल, तर भुलेनंतर श्वास मध्येच थांबण्याचा धोका जास्त असतो. म्हणून ऑपरेशन अगदी छोटं असलं तरी अशा बाळाला बहुधा रात्रभर मॉनिटरवर ठेवतात. ‘हर्नियाच आहे ना, संध्याकाळी घरी’ असं गृहीत धरू नका, विचारा.

२. उपाशी ठेवण्याचा हिशोब

बहुतेक ठिकाणचा नियम असा: वरचं दूध भूल देण्याच्या ६ तास आधी बंद, अंगावरचं दूध ४ तास आधी, पाण्यासारखं पारदर्शक पेय २ तास आधी. काही हॉस्पिटलं आता याहूनही कमी वेळ उपाशी ठेवतात. तुमच्या भूलतज्ज्ञांनी दिलेली वेळ घड्याळातल्या आकड्यातच लिहून घ्या: ‘पहाटे ३.३०ला शेवटचं अंगावरचं दूध’. ‘चार तास आधी’ एवढंच लक्षात ठेवलं की कशाच्या चार तास आधी, यावर रात्री घरात वाद होतो.

इथे तीन ठिकाणी हमखास चूक होते. पहिली: अंगावरच्या दुधात पावडर किंवा ते दाट करणारं काही मिसळलं असेल तर ते वरच्या दुधात मोजतात, म्हणजे ६ तास. दुसरी: शेवटच्या फीडच्या वेळी बाळ झोपलेलं असतं, आणि उठवायला जीव होत नाही. उठवा. नाहीतर उपास चारचा आठ तासांवर जातो. तिसरी: आधीचं ऑपरेशन लांबतं, तुमचा नंबर पुढे जातो आणि बाळ रडून हैराण होतं. अशा वेळी स्वतःहून विचारा, ‘उशीर होणार असेल तर मध्ये थोडं पारदर्शक पेय किंवा सलाईन देता येईल का?’ बऱ्याचदा हो म्हणतात, पण विचारल्याशिवाय कोणाच्या ध्यानात येत नाही.

न सांगता चमचाभरही पाजू नका. भुलेत पोटातलं दूध वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. चुकून पाजलं गेलंच तर लगेच सांगा. ऑपरेशन काही तास पुढे जाईल, तेवढंच होईल. सर्दी, खोकला, ताप हेही लपवू नका. सर्दीत श्वासनलिका चिडलेली असते आणि भुलेत ती आवळली जाऊ शकते. म्हणूनच तातडीचं नसलेलं ऑपरेशन काही आठवडे पुढे ढकलतात. ते टाळाटाळीपोटी नसतं.

३. ऑपरेशननंतरची पहिली भेट: कुठली नळी कशासाठी

बाळ तुम्हाला सुजलेलं, फिकट आणि अनोळखी दिसू शकतं. विशेषतः हृदयाच्या ऑपरेशननंतर चेहरा आणि पापण्या फुगलेल्या असतात. लघवी जास्त व्हायची औषधं देऊन ती सूज साधारण २ ते ४ दिवसांत उतरते. डोक्यावरचे थोडे केस काढलेले दिसले तर दचकू नका. लहान बाळाच्या हातापायाची शीर सापडत नाही, तेव्हा डोक्याच्या शिरेत सलाईन लावतात.

खाटेजवळ गेल्यावर सिस्टरना एकेका नळीवर बोट ठेवून विचारा: ही कशासाठी, ही कधी निघणार, हिला काय झालं तर तुम्हाला हाक मारू? दहा मिनिटांचं काम आहे.

श्वासाची नळी तोंडातून किंवा नाकातून स्वरतंतूंच्या मधून खाली गेलेली असते. त्यामुळे ती असेपर्यंत बाळ रडतं, पण आवाज येत नाही. चेहरा रडवेला, तोंड उघडं आणि आवाज शून्य, हे बघणं फार जड जातं. आधीच माहीत असलेलं बरं. नळी काढल्यावर एक-दोन दिवस आवाज घोगरा राहतो. त्यापुढेही तसाच राहिला, किंवा दूध पिताना ठसका लागू लागला, तर सांगा. छातीतल्या काही ऑपरेशनांत स्वरतंतूची नस दुखावलेली असू शकते आणि ते तपासावं लागतं.

नाकातून पोटात जाणारी नळी दोन कामांसाठी असते आणि तिथेच गोंधळ होतो. सुरुवातीला ती पोटातला द्राव बाहेर काढते, पुढे तीच दूध देण्यासाठी वापरतात. नाकपुडीपाशी तिच्यावर सेंटिमीटरची खूण असते. तो आकडा वहीत लिहा. खूण नाकापासून बाहेर सरकलेली दिसली तर त्या नळीतून काहीही देऊ देऊ नका, आधी सिस्टरना दाखवा.

छातीतली निचरा नळी एका बाटलीला किंवा डब्याला जोडलेली असते. तो डबा नेहमी बाळाच्या छातीपेक्षा खालीच हवा. बाळाला उचलताना कोणीतरी ‘धरतो मी’ म्हणून डबा वर उचलतो, तसं कधी होऊ देऊ नका. द्राव आधी लालसर, मग पिवळसर होत जातो. दूध सुरू झाल्यावर तो पांढरट, दुधाळ दिसू लागला तर लगेच सांगा. लसिकेची, म्हणजे आतड्यातून स्निग्ध पदार्थ वाहून नेणाऱ्या द्रवाची, गळती असू शकते, आणि मग काही आठवडे वेगळ्या प्रकारच्या स्निग्धाचं दूध द्यावं लागतं. ही गोष्ट अनेकदा आईवडिलांच्याच नजरेला आधी पडते. हृदयाच्या ऑपरेशननंतर छातीतून बाहेर आलेल्या बारीक वायरी तात्पुरत्या पेसमेकरसाठी असतात. घरी जाण्याआधी त्या काढतात.

सलाईनच्या सुईवर मात्र तुमचं लक्ष सगळ्यात जास्त हवं. सुई शिरेतून निसटली तर द्राव कातडीखाली साठतो. सूज, गार किंवा पांढरी पडलेली त्वचा, ताणलेली चकाकी, औषध ढकलताना बाळाचं अचानक किंचाळणं या त्याच्या खुणा. काही औषधांनी तिथली कातडी जळू शकते. सिस्टर साधारण तासाला बघून जातात, पण दुपट्याखाली झाकलेला हात कोणालाच दिसत नाही. तो उघडा ठेवा आणि दुसऱ्या हाताशी ताडून बघा. दोन्ही हात सारखे दिसायला हवेत.

४. मॉनिटर: आधी बाळाकडे, मग पडद्याकडे

पडद्यावर साधारण चार आकडे असतात: हृदयाचे ठोके, ऑक्सिजन, श्वास आणि रक्तदाब. जागं, शांत बाळ असेल तर ठोके मिनिटाला १०० ते १६० धरतात. गाढ झोपेत थोडे कमी, रडताना १८०च्याही वर. नवजात बाळाचा श्वास मिनिटाला ३० ते ६०, वर्षाच्या सुमारास कमी होत जातो. श्वास मोजायचा तर पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं की चूक होते, कारण लहान बाळं चार-सहा श्वास भरभर घेऊन मग ५-१० सेकंद थांबतात आणि ते नेहमीचंच असतं. २० सेकंदांचा खंड, किंवा त्याआधीच रंग बदलणं, हे नेहमीचं नाही. तेव्हा हाक मारायची.

अलार्म वाजला की नजर आपोआप पडद्याकडे जाते. ती सवय मोडा. बाळाचा रंग कसा आहे, छाती हलतेय का, जागं आहे का, हे आधी बघा. बाळ गुलाबी, शांत आणि ऑक्सिजन ७० दाखवतोय, तर बहुतेक वेळा पायावरचा लाल दिव्याचा सेन्सर सैल झालेला असतो, पाय गार असतो किंवा बाळ लाथा मारत असतं. उलटही खरं. पडद्यावर सगळं ठीक आणि बाळ राखाडी, ढिलं पडलेलं, तर पडद्यावर विश्वास ठेवू नका. हाक मारा.

दोन गोष्टी सिस्टरना विचारून ठेवा. सेन्सरची जागा किती वेळाने बदलता? (साधारण ३-४ तासांनी बदलतात, नाहीतर कातडीवर डाग किंवा फोड येतो.) आणि आमच्या बाळासाठी ऑक्सिजनचा ठरवलेला आकडा कोणता? हा दुसरा प्रश्न हृदयाच्या बाळांसाठी फार मोलाचा. काही विशिष्ट दोषांत, टप्प्याटप्प्याने होणाऱ्या ऑपरेशनांच्या मधल्या काळात, ७५ ते ८५ टक्के हाच अपेक्षित आकडा असतो. शेजारच्या खाटेवर ९८ आणि आपल्याकडे ८०, म्हणून रात्रभर झुरणारे आईबाप प्रत्येक वॉर्डात सापडतात.

अलार्म स्वतः बंद करू नका. आवाज थांबला तरी कारण तिथेच असतं.

५. दुखतंय का, हे कसं ओळखायचं

बाळ सांगू शकत नाही म्हणून हॉस्पिटलं गुण देऊन मोजतात. प्रचलित पद्धतीत पाच गोष्टी बघतात: चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजावल्यावर शांत होणं. प्रत्येकीला ० ते २, म्हणजे एकूण १०. ही पद्धत साधारण दोन महिन्यांच्या पुढच्या बाळांसाठी आहे, त्याहून लहानांसाठी गुण द्यायच्या वेगळ्या पद्धती असतात. तुमच्या बाळाला किती गुण दिलेत, हे विचारायला संकोचू नका.

भुकेचं रडणं आणि दुखण्याचं रडणं यांतला फरक तुम्हाला कळतो, तसा तिथे कोणालाच कळत नाही. कपाळाला आठी, डोळे घट्ट मिटलेले, चौकोनी उघडलेलं तोंड, पोटाशी ओढलेले किंवा ताठ केलेले पाय, आवळलेल्या मुठी. पण सगळ्यात फसवं असतं ते अगदी गप्प, टक लावून पडलेलं, हलायला न बघणारं बाळ. त्यालाही दुखत असू शकतं. ‘शांत आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

पहिले एक-दोन दिवस वेदनाशामक ठरलेल्या वेळेला द्यायचं असतं, रडल्यावर नव्हे. दुखणं चढल्यावर उतरवायला जास्त औषध लागतं. रात्रीचा डोस ‘झोपलंय, राहू दे’ म्हणून चुकला की पहाटे सगळा वॉर्ड जागा होतो. निचरा नळी काढायची असेल, ड्रेसिंग बदलायचं असेल, तर ‘त्याआधी दुखण्याचं काही देणार का?’ हे अर्धा-पाऊण तास आधीच विचारा.

सुई टोचण्यासारख्या छोट्या कामांसाठी २४ टक्के साखरेच्या द्रावाचे काही थेंब साधारण दोन मिनिटं आधी जिभेवर देतात. त्याने लहान बाळांचं रडणं खरंच कमी होतं. दूध चालू असेल तर टोचताना अंगाला लावणंही तितकंच उपयोगी. तोंडाने काहीच द्यायचं नसेल तर हे दोन्ही नाही, म्हणून आधी विचारायचं. हात-पाय शरीराशी गोळा करून तळहाताने धरून ठेवणं मात्र बहुतेक वेळा चालतं. त्यासाठी कुठलीही नळी अडत नाही.

मॉर्फिनच्या जातीची औषधं पाच दिवस किंवा त्याहून जास्त चालली असतील तर ती हळूहळू कमी करतात. भरभर कमी झाली की बाळ थरथरतं, सारखं शिंकतं, जांभया देतं, घामेजतं, पातळ शी करतं, झोपत नाही. हा ‘हट्ट’ नव्हे, औषध सुटण्याचा त्रास आहे. डॉक्टरांना नेमक्या याच शब्दांत सांगा.

६. दूध: बंद असतानाही, सुरू झाल्यावरही

बाळ पीत नाही म्हणून दूध काढायचं थांबवलं, की काही दिवसांत ते आटायला लागतं. बाळ पुन्हा पिण्याजोगं होतं तेव्हा दूधच नसतं. हा सगळ्यात टाळता येण्याजोगा फटका. २४ तासांत निदान ८ वेळा काढा, त्यातलं एकदा मध्यरात्रीनंतर. बाटलीवर बाळाचं नाव, तारीख आणि वेळ. घरगुती नियम असा: खोलीत २५ अंशांपर्यंत ४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस, गोठवलेलं दूध वितळवल्यावर २४ तासांत संपवायचं. हॉस्पिटलचे नियम आजारी बाळांसाठी याहून कडक असतात, तेच पाळा. मायक्रोवेव्ह नको, दूध कुठे गार तर कुठे पोळणारं राहतं. तोंडाने दूध बंद असेल तेव्हा कापसाच्या बोळ्याने आईच्या दुधाने बाळाचं तोंड पुसता येईल का, हे विचारा. बरीच हॉस्पिटलं परवानगी देतात.

आतड्याच्या ऑपरेशननंतर दूध कधी सुरू करायचं हे आतडं ठरवतं. नळीतून येणारा द्राव हिरव्याचा फिकट, मग पारदर्शक आणि कमी होत जातो. पोट मऊ होतं, गॅस सरतो, शी होते. बाळाने पादलं की आयसीयूत आनंद होतो तो उगाच नाही. मग ५-१० मिलीपासून सुरुवात करून वाढवतात. मध्येच थांबवावं लागलं तर ते मागे पडणं नव्हे, बहुतेकांचं होतं.

पोटाच्या खालच्या तोंडाचं, म्हणजे पायलोरसचं, ऑपरेशन असेल तर गणित वेगळं. दूध काही तासांतच सुरू होतं आणि पहिले एक-दोन दिवस उलट्या होतातच. आईबाप हादरतात, ‘ऑपरेशन फसलं’ म्हणतात. ती सूज असते, तिला वेळ लागतो.

हृदयाच्या बाळांना दूध पिणं हाच मोठा व्यायाम असतो. एका फीडला ३० मिनिटांपेक्षा जास्त लागतात का, कपाळाला घाम येतो का, मध्येच दमून झोपतं का, हे लिहा. ‘पितो नीट’ या दोन शब्दांपेक्षा ‘४० मिनिटांत ३५ मिली, घाम आला’ या ओळीवर डॉक्टर निर्णय घेऊ शकतात.

कित्येक आठवडे नळीनेच दूध घेतलेलं बाळ तोंडाजवळ काहीही आणलं तरी मान फिरवतं. नळीने दूध जात असताना चोखणी दिली तर तोंड आणि पोट भरणं यांची सांगड टिकते. हे लवकर सुरू केलेलं बरं.

७. लघवी, शी आणि डायपरचं वजन

डायपर फेकू नका, आधी सिस्टरना दाखवा. कोरड्या डायपरचं वजन वजा केलं की उरलेला १ ग्रॅम म्हणजे १ मिली लघवी. सर्वसाधारण अपेक्षा किलोमागे तासाला निदान १ मिली. ५ किलोच्या बाळाला ३ तासांत १५ मिलीच्या आसपास. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवशी शरीर पाणी धरून ठेवतं, त्यामुळे थोडी कमी चालते. वहीत वेळ, ग्रॅम आणि शी असल्यास रंग, एवढंच लिहा. ओला कागद किंवा पुसायचं फडकं आत राहिलं की वजन चुकतं, हे बारीक वाटतं, पण औषधं याच आकड्यावर ठरतात.

८. उचलणं, जवळ घेणं, हात धुणं

छातीचं हाड उघडून ऑपरेशन झालं असेल तर साधारण सहा आठवडे काखेत हात घालून उचलायचं नाही. एक तळहात मान-डोक्याखाली, दुसरा कुल्ल्याखाली, आणि सपाट उचलायचं. आजी-आजोबांना हे आधीच करून दाखवा. प्रेमाने पहिली चूक तिथेच होते. पालथं कधी घालायचं, हेही सर्जनलाच विचारा.

नळ्या असतानाही बाळाला छातीशी घेता येतं, पण दोघांनी मिळून. आधी तुम्ही खुर्चीत नीट बसा, लघवीला जाऊन या, पाणी पिऊन घ्या. मग सिस्टर नळ्या एका बाजूला गोळा करून बाळ देतील. एकदा घेतल्यावर निदान तासभर तरी ठेवा. उचल-ठेवच बाळाला जास्त दमवते.

सॅनिटायझर २०-३० सेकंद चोळायचा, साबण-पाण्याने ४०-६० सेकंद. अंगठी, घड्याळ काढून. फोन पुन्हा हातात घेतला की पुन्हा हात. सर्दी झालेला माणूस कितीही जवळचा असला तरी दारातूनच परत.

९. राउंडला काय विचारायचं

डॉक्टर चार-पाच मिनिटं थांबतात. तीनच प्रश्न लिहून ठेवा, सगळ्यात महत्त्वाचा पहिला. चांगले प्रश्न असे: आजचं उद्दिष्ट काय? आज कुठली नळी निघू शकते आणि ते कशावर ठरेल? घरी जाण्याआधी कोणत्या गोष्टी जमायला हव्यात? ‘सगळं ठीक आहे ना?’ हा प्रश्न टाळा. त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं आणि हाती काहीच लागत नाही.

शल्यविशारद एक सांगतात, अतिदक्षतावाले दुसरं, असं झालं तर दोघांत तिसरा अर्थ तुम्ही काढत बसू नका. ‘मला दोन वेगळ्या गोष्टी कळल्या आहेत, नक्की कुठली?’ असं सरळ विचारा. पाळी बदलायच्या वेळी सिस्टर निरोप देण्यात गुंतलेल्या असतात. तुमचं काम त्याच्या अर्धा तास आधी सांगा.

नातेवाइकांना रोजची खबर द्यायला घरातलं एकच माणूस नेमा. आणि रात्री आळीपाळीने झोपा. दोघं जागून सकाळी राउंडला दोघंही अर्धवट ऐकतात.

१०. जखम आणि ऑपरेशनागणिक फरक

टाक्यांवरच्या कागदी पट्ट्या आपोआप गळतात, ओढू नका. कातडी चिकटवायला वैद्यकीय गोंद वापरला असेल तर त्यावर मलम लावू नका, गोंद विरघळतो. अंघोळ कधी, हे प्रत्येक ऑपरेशनला वेगळं. तोवर ओल्या फडक्याने पुसायचं.

हर्नियानंतर मुलग्याच्या अंडकोशाला काही दिवस सूज असते. ओठाच्या ऑपरेशननंतर बोटं तोंडात जाऊ नयेत म्हणून कोपर सरळ ठेवणाऱ्या पट्ट्या लावतात; एका वेळी एकच हात मोकळा करून व्यायाम द्या. मूत्रमार्गाच्या ऑपरेशननंतर दोन डायपर घालतात, आतल्याला भोक पाडून नळी बाहेरच्या डायपरमध्ये सोडतात, म्हणजे शी आणि नळी वेगळी राहते. पोटावर आतड्याचं तोंड काढलं असेल तर ते लाल-गुलाबी आणि ओलसर हवं. जांभळं किंवा काळं दिसलं तर लगेच हाक. मेंदूतलं पाणी वळवणारी नळी बसवली असेल तर बाळ शांत, उभं धरलेलं असताना टाळू बघायची. फुगलेली, ताठ टाळू सांगायलाच हवी.

११. घरी जाण्याआधी

डिस्चार्जच्या दिवशी सगळं घाईत होतं. म्हणून आदल्या दिवशीच या गोष्टी स्वतःच्या हातांनी करून दाखवा: औषध सिरिंजमध्ये भरणं, नळी असल्यास तिची काळजी, ड्रेसिंग, उचलणं.

हाती हवे असलेले कागद: डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनचा तपशील, शेवटचे रिपोर्ट, आजचं वजन, औषधांचं वेळापत्रक, पुढच्या भेटीची तारीख, रात्रीही उचलला जाईल असा फोन नंबर. शरीरात काही बसवलं असेल तर त्याचं कार्ड.

औषध मिलीमध्येच लिहून घ्या, चमच्यात नव्हे. पॅरासिटामॉलबाबत खास जपा: काही ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, तर काही सिरपमध्ये ५ मिलीत १२०. म्हणजे ड्रॉप्स चौपटीहून जास्त तीव्र. सिरपचे मिली ड्रॉप्सच्या बाटलीतून दिले की विषबाधेपर्यंत गोष्ट जाते. घरी एकच बाटली ठेवा. आयबुप्रोफेन सहा महिन्यांखाली डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय नाही. अ‍ॅस्पिरिनही स्वतःहून कधीच नाही, पण हृदयाच्या बाळाला डॉक्टरांनीच लिहिलं असेल तर ते आपल्या मनाने बंदही करू नका. प्रत्येक औषधाला विचारा, ‘दिल्यावर उलटी झाली तर पुन्हा द्यायचं का?’ डिगॉक्सिनसारखं हृदयाचं औषध पुन्हा द्यायचं नसतं.

हॉस्पिटलात मॉनिटर लावून बाळाला कुशीवर किंवा पालथं झोपवलं असेल. घरी मॉनिटर नाही, म्हणून झोपताना पाठीवरच, सपाट आणि मोकळ्या गादीवर.

रक्त किंवा प्लाझ्मा दिलं असेल तर गोवरासारख्या जिवंत लसी काही महिने लांबवाव्या लागतात का, हे विचारून लसीकरणाच्या कार्डावरच लिहून घ्या. नाहीतर लस देणाऱ्याला ते कळणारच नाही.

१२. घरी: थांबायचं कधी, धावायचं कधी

एक-दोन आठवडे झोप बिघडते, बाळ चिकटून राहतं, दर तासाला उठतं. हे चालतं. पहिल्या तीन महिन्यांतल्या बाळाचं वजन दिवसाला साधारण २०-३० ग्रॅम वाढायला हवं. रोज वजन करू नका, आठवड्याला एकदा, त्याच काट्यावर.

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही:

- हिरवी उलटी. लहान बाळात ती आतड्याला अडथळा किंवा पीळ असल्याची खूण मानूनच चालायचं
- तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप. अंग गार, ३६.५च्या खाली, आणि गरम कपड्यानेही न वाढणारं
- ओठ-जीभ निळी, श्वासाला कण्हणं, बरगड्यांखाली खड्डे पडणं
- ६-८ तासांत लघवी नाही, टाळू खोल गेलेली
- जखम लाल होत पसरणं, पू, टाके उसवणं
- उठवूनही नीट न उठणारं, ढिलं बाळ

ओठ निळे किंवा श्वास अडखळत असेल तर आधी रुग्णवाहिका, फोनवरची चर्चा नंतर. बाकी वेळी फोन लावण्याआधी वही समोर घ्या आणि याच क्रमाने बोला: बाळाचं वय आणि आजचं वजन, कुठलं ऑपरेशन, कुठल्या तारखेला, आत्ता काय बदललंय, किती वाजल्यापासून, शेवटचं दूध आणि शेवटची लघवी कधी, शेवटचं औषध कोणतं आणि किती मिली.